घरी कोण राहणार

शनिवारी सकाळी साडेसहाला पिरंगुटच्या चौकात उभं राहिलं की अर्धं पुणे कोकणात उतरायला निघालंय असं वाटतं. टपावर बॅगा बांधलेल्या गाड्या, मागच्या काचेला टेकलेले पोरांचे पाय, आणि काच खाली करून विचारणारा एक तरी माणूस, "ताम्हिणी हाच रस्ता ना?" आम्ही हात लांब करून सांगतो. सरळ जा. पौड सोडा. धरणाचं पाणी दिसायला लागलं की घाट जवळ आला. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, गिअरवर उतरा. हे मी इतक्या वेळा आणि इतक्या खात्रीने सांगितलंय की ऐकणाऱ्याला वाटावं, ही बाई दर महिन्याला समुद्रावर जाते.

वयाच्या एकतिसाव्या वर्षापर्यंत मी धरणाच्या पुढे गेले नव्हते.

चौकापासून जवळच, घोटावड्यात आमचं घर. खाली आम्ही, वर तीन खोल्या भाड्याने दिलेल्या, मागे गोठा आणि गोठ्यात एक म्हैस. जमीन थोडी राहिली, थोडी कारखान्याच्या कुंपणाआड गेली. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड बघणारी मी पहिली. हे मी मिरवत नाही असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. मिरवते. बी.कॉम. झाले, इंग्रजी धडपडत शिकले आणि हिंजवडीतल्या एका कंपनीत ट्रॅव्हल डेस्कला लागले. म्हणजे दुसऱ्यांचे प्रवास ठरवायचे. विमान, हॉटेल, गाडी, व्हिसाचे कागद. आमचा एखादा साहेब पहाटे परदेशात उतरतो तेव्हा त्याच्या नावाची पाटी धरून उभा असलेला माणूस मी इथे खुर्चीत बसून उभा केलेला असतो. ऑफिसची कोकण सहलसुद्धा तीनदा मीच ठरवली. कुठल्या घरी उतरायचं, बस कुठे थांबवायची, कुणाला मासे चालत नाहीत, सगळं. तिन्ही वेळा गेले मात्र नाही. तेव्हा घरून रात्रीचं बाहेर राहायची परवानगी नव्हती. आता तिशी उलटली, लग्न काही जमलं नाही, आणि परवानगीचं कुणी नाव काढत नाही.

तर सहलीचं खूळ माझ्या डोक्यात कसं शिरलं ते सांगते. ते जिन्यावरच्या वाळूमुळे शिरलं.

वरच्या मधल्या खोलीत लातूरकडचं एक तरुण जोडपं राहतं. दोघं आयटीत. महिन्या-दीड महिन्याने शुक्रवारी कामावरून आले की बॅगा उचलून कोकणात पळतात, रविवारी परत येतात. मग सोमवारी जिन्याच्या पायऱ्यांवर वाळू असते. जिना आई झाडते. त्या सोमवारी मी घाईत बूट चढवत खाली आले तर आई तिसऱ्या पायरीवर उकिडवी बसलेली. झाडू बाजूला. तळहातावर चिमूटभर वाळू घेऊन अंगठ्याने चोळत होती.

"आई, उशीर होतोय. डबा कुठाय?"

"वट्यावर हाय. ही बघ, हिच्यात माती कशी न्हाई."

"समुद्राची वाळू आहे ती."

"व्हय, कळतंय मला," म्हणाली आणि वाळू सुपल्यात झटकली.

मी डबा घेऊन निघून गेले. संध्याकाळी गाडी लावताना ती लातूरची मुलगी भेटली. म्हणाली, "ताई, काकूंना एकदा न्या की तिकडं. आम्ही आलो की दरवेळी विचारतात. पाणी कुठवर येतंय, कुठवर मागं जातंय, मागं जाताना आवाज होतोय का. मी म्हणलं, मागं जाताना कशाचा आवाज, येताना होतोय. फोटो दाखवले तर म्हणाल्या, फोटोत काय कळतंय."

मला ते लागलं. आईने मला कधी काही विचारलं नव्हतं. जिचं पोट याच कामावर भरतं त्या पोटच्या पोरीला नाही, आणि भाडेकरणीला विचारलं.

त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी शीट उघडली. कुठून निघायचं, किती वाजता, चहा कुठे, घाटात कुठे थांबायचं, किती मिनिटं, जेवण, मुक्काम, आणि प्रत्येक रांगेच्या शेवटी पर्यायी सोय. आधी हरिहरेश्वर ठरवलं. मग वाटलं तिथे पायऱ्या फार, आबांचा गुडघा धरतो. मग श्रीवर्धन. दोन दिवसांनी तेही बदलून दिवेआगर. तिथला किनारा सपाट, गाडीतून उतरलं की सुरूची झाडं, झाडं संपली की पाणी. आणि जाताना ताम्हिणीचा सगळा डोंगर बघायला मिळतो. शनिवारी गर्दी होते म्हणून शुक्रवारी निघायचं, शनिवारी दुपारी परतायचं, रविवारी घरी आराम. मी सुट्टी टाकली.

जेवताना सांगितलं. आबांनी भाकरी मोडता मोडता मान हलवली. "जाऊ की. भाताचं उरकलंच हाय आता."

आई आमटी वाढत होती. म्हणाली, "चांगलं हाय."

मी ते होकार म्हणून घेतलं. आबांचाही आणि आईचाही.

दिवेआगरला एका बाईंच्या घरगुती मुक्कामाची खोली सांगितली. तीन माणसं, एक रात्र. पुढचे दहा दिवस मी त्या बाईंना सुखाने जगू दिलं नाही. गरम पाणी किती वाजता, कमोड आहे का, खोली तळमजल्यावरच ना. चौथ्या फोनला त्या म्हणाल्या, "अहो ताई, तुम्ही लग्नाचं वऱ्हाड आणताय की तीन माणसं? या निवांत. घर काही पळून जात नाही."

पण निवांत होणं मला जमत नाही. सकाळी उठल्या उठल्या हवामान बघायचं. घाटात कुठे काम चाललंय का, ते रस्त्यावरच्या टपरीवाल्याला विचारायचं. गाडीची हवा दोनदा भरून आणली. आबांना पुढची सीट लागते, त्यांना निजामपूरच्या आसपास चहा लागेल, त्यांना दुपारी अर्धा तास आडवं व्हावं लागतं, हे सगळं शीटमध्ये आलं. आज ती शीट बघते तेव्हा कळतं, आबांसाठी सात ठिकाणी काही ना काही लिहिलंय. आईच्या नावाने एकच शब्द होता. "उलटी?" तिला गाडी लागते की नाही, मला माहीत नव्हतं.

शुक्रवार पाच दिवसांवर आला. रविवारची संध्याकाळ होती. आमचे चुलते, म्हणजे तात्या, शेजारच्याच घरात राहतात. ते आले आणि ओट्यावर आबांशेजारी बसले.

"बाय, किती वाजता काढायची गाडी?" ते मला म्हणाले. "माझं म्हननं, पाचलाच निघू. ऊन व्हायच्या आत घाट उतरला पायजे."

"कुठली गाडी तात्या?"

"आता गं. दिवेआगरची. आमच्या दादानं, तुझ्या आबानं सांगितलं, तिसरी जागा माझी म्हून. मी तर पोवायची चड्डीबी काढून ठिवली."

मी आत बघितलं. आई परातीत पीठ घेत होती. "पुऱ्या करून बघते थोड्या, टिकत्यात का ते. तुमी तिघं हायसा, किती लागतील?"

तिघं. मी, आबा, तात्या.

"आणि आई?" मी आबांना विचारलं.

आबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तुळशीवृंदावन गाडीत घालायचं का असं विचारलं होतं. रागावले नाहीत. त्यांना खरंच कळलं नाही. "ती कशी यील? घरी कोण?"

इथे आमच्या घराची एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घराला कधी कुलूप लागलेलं नाही. आबा हे चारचौघांत छाती काढून सांगतात. नवं घर बांधलं तेव्हा सुताराने दाराला बाहेरून कडी-कोयंडा ठोकला होता. त्याच्यावर दोनदा रंग बसला, आता ती कडी हलतसुद्धा नाही. वरच्या तिन्ही खोल्यांना कुलपं आहेत, त्यांच्या जादा चाव्यांचा जुडगा खिळ्याला टांगलेला असतो. आमच्या दाराला चावीच नाही. घरचं एक तरी माणूस घरात असलंच पाहिजे. समोरच्या आळीत एक घर आहे. म्हातारा-म्हातारी गेली, मुलांनी जमीन विकली, दाराला कुलूप लागलं ते गंजलं. त्या घरावरून जाताना आबा दुसरीकडे बघतात. कुलूप लागलं म्हणजे घर उठलं, असं त्यांच्या मनात पक्कं आहे.

म्हणून लग्नकार्याला आम्ही पाळीपाळीने जातो. म्हणायला पाळी. हळदीला आई तासभर तोंड दाखवून येते, लग्नाला आबा. लांबचं लग्न असेल तर आबाच. नातेवाइकांचे अल्बम काढून बघा, माझे आईवडील एका फोटोत सापडणार नाहीत. माझ्या पदवीदानाला आबा आले होते, नवी टोपी घालून. आईने आदल्या दिवशी माझी साडी तांब्यात निखारे घालून दाबून दिली, कारण लाइट गेली होती, आणि सकाळी दारात उभी राहिली. तिथे काय झालं, तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आबा सांगतील असं मला वाटलं. आबांना वाटलं असेल मी सांगेन.

हे सगळं मला माहीत होतं. याच घरात वाढले मी. तरी माझ्या शीटमध्ये सगळ्याची सोय होती आणि "घरी कोण" हा रकाना नव्हता. ऑफिसात तो लागत नाही. कंपनीतली माणसं प्रवासाला जातात तेव्हा त्यांच्या घरी कोण राहतं, हे आम्ही विचारत नाही. इतकं शिकून मी तेवढंच शिकले होते.

"मग मीबी जात न्हाई," मी म्हणाले. चिडले की मी घरच्या बोलीवर येते.

आई परात घेऊनच बाहेर आली. "रुसू नकू. जावा तुमी तिघं. मला काय करायचाय समुद्र?"

"मग त्या दिवशी जिन्यावर वाळू हातात घेऊन काय बघत होतीस?"

आबा म्हणाले, "कसली वाळू?"

मी सांगितली. वाळू, भाडेकरणीला विचारलेले प्रश्न, सगळं. आई म्हणत होती, "आगं गप, काय बी सांगती," आणि पिठाचे हात पदराला पुसत होती. मी थांबले नाही. म्हणाले, "आबा, तुमी दोनदा जाऊन आलाय. एकदा ट्रकवर, एकदा भजनी मंडळाबरुबर. आई एकदाबी न्हाई. तिच्यासाठी ठरवलंय मी हे. तुमच्यासाठी न्हाई."

हे शेवटचं वाक्य कठोर होतं आणि पुरतं खरंही नव्हतं. शीटमध्ये सात ठिकाणी आबाच होते. पण बोलून गेले.

तात्या चुळबुळ करायला लागले. "वरल्या पोरीला सांगू की घर बघायला. चांगली हाय ती."

"भाडेकरी आपल्या घरात दिवा लावनार?" आबा म्हणाले.

"मंग आमची मंडळी हाय शेजारी."

"आन म्हस?"

म्हशीचं नाव निघालं की आमच्याकडे सगळेच गप्प होतात. ती फक्त आईच्या हाताला धार देते. दुसरं कुणी बसलं की पान्हा चोरते, आणि फार जवळ गेलं तर लाथ. चुलतीला तिने एकदा गव्हाणीला दाबून धरलं होतं, तेव्हापासून चुलती गोठ्याच्या दारातून आत येत नाही. वरच्या तिन्ही खोल्यांना आणि पलीकडच्या चार घरांना आमचं दूध जातं. आई आजारी पडली तरी धारेला उठते.

आबा उठून मागे गेले. बराच वेळ गोठ्यात उभे होते. मी आत-बाहेर करत होते, फोन हातात, ती दिवेआगरची खोली रद्द करावी की नाही. आबा परत आले, दारात थांबले आणि म्हणाले, "मी ऱ्हातो."

आईला हसूच आलं. "तुमी? आन धार?"

"त्यात काय?"

"आवो, ती तुमाला जवळ तरी येऊ देती का?"

"पाच दिस हायेत की," आबा म्हणाले. मग तात्यांकडे वळले. "तुझी चड्डी ठिव घडी घालून. दोघीच जात्यात."

"मी काय रुसतोय व्हय," तात्या म्हणाले. पण थोडे रुसले होते.

सोमवारी सकाळी आबा धारेची कासंडी घेऊन बसले. म्हशीने मान वळवून बघितलं आणि पाय झाडला. कासंडी भिंतीला. मंगळवारी रेडकू लावलं, पेंड ठेवली, आईला शेजारी उभं केलं. म्हैस आईकडे बघत राहिली आणि आबांना थेंब दिला नाही. दोन्ही दिवस शेवटी आईच बसली. मंगळवारी कामावर जाताना मी रस्त्यावर आबांनाच शिव्या देत होते, मग म्हशीला, मग स्वतःला. माझ्या कामात प्रत्येक गोष्टीला पर्यायी सोय असते. विमान चुकलं तर दुसरं विमान. इथे सगळ्या पर्यायी सोयींच्या शेवटी आईच उभी होती. दुपारी त्या दिवेआगरच्या बाईंना फोन लावला आणि त्यांनी उचलल्यावर काहीच न बोलता ठेवून दिला. मग परत लावून माफी मागितली.

बुधवारी आईनेच तोड काढली. "माझी साडी गुंडाळा. वासानं वळखती ती."

मला वाटलं आबा उठून जातील. मिशा आहेत त्यांना, गावात मान आहे. त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली. म्हणाले, "जुनी दे. हिरवी."

आईने ती हिरवी साडी त्यांच्या खांद्यावरून, डोक्यावरून घेऊन दिली. सूचना देत होती. "तोंडानं बोलू नका, आवाज लगीच कळतो तिला. डाव्या अंगानं जावा. आदी पाठीवर हात ठिवा, मंग खाली. आन माझ्या बांगड्या वाजत्यात, त्याबी लागत्याल तिला."

"बांगड्या न्हाई," आबा म्हणाले. "तेवढं नगं."

त्यांनी खिळ्याचा चाव्यांचा जुडगा काढला आणि मनगटाला बांधला. भाड्याच्या खोल्यांच्या चाव्या किणकिण वाजायला लागल्या. आबा साडीत बसले, हात पाठीवर ठेवला, चाव्या वाजल्या. म्हशीने कान हलवला. मी गोठ्याच्या दारात. पहिली धार कासंडीत वाजली तेव्हा आईने माझा दंड इतका दाबला की वळ उठला.

एक लिटर मिळालं. बाकीचं तिने चोरलं. पण दिलं.

गुरुवारी सकाळी तात्या मुद्दाम लवकर आले. गोठ्याच्या दाराला हात लावून उभे राहिले आणि आत पाठमोऱ्या हिरव्या साडीकडे बघून म्हणाले, "वैनी, जरा च्या टाका की."

आबांनी बोलायचं नव्हतं. धार सोडली नाही, वळले नाहीत. काम संपवून उठले, कासंडी आईच्या हातात दिली, डोक्यावरचा पदर मागे सारला आणि मग म्हणाले, "बस. टाकतो."

दोन लिटर.

शुक्रवारी सहाला निघायचं असं शीटमध्ये होतं. निघालो पावणेआठला. आई तीनदा गाडीतून उतरली. एकदा म्हशीच्या अंगावरून हात फिरवायला. एकदा रतिबाची मापं कुठली कुणाची ते परत सांगायला. तिसऱ्यांदा उतरून दुधाची बाटली आणि इंद्रायणी तांदळाची पिशवी घेऊन आली.

"हे कशाला?"

"त्या बाईला. मोकळ्या हातानं जायचं व्हय कुणाच्या घरी?"

"आई, आपण तिथे पैसे देऊन राहणार आहोत."

"मंग? घरच हाय की तिचं."

आबा उंबऱ्यावर उभे होते. इतकी वर्षं त्या जागी आई उभी असायची. आबांना तिथे उभं राहता येत नव्हतं. कधी चौकटीला हात टेकवत, कधी काढून घेत. "जावा आता," म्हणाले. "ऊन होतंय."

आई पुढच्या सीटवर. पट्टा लावून दिला तर अंग चोरून बसली, दोन्ही हात मांडीवर. पौडला आबांचा पहिला फोन. पेंड किती भिजवायची. धरणाजवळ दुसरा. रेडकू ओरडतंय, सोडू का. आई प्रत्येक वेळी सांगायची आणि फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघायची, की माघारी फिरायचं का. मी समोर बघून गाडी चालवत होते. तिने एकदा "चल माघारी" म्हटलं असतं तर मला ते मोडता आलं नसतं, आणि तिला ते माहीत होतं. तिने म्हटलं नाही.

धरणाच्या पुढचा रस्ता मला ओळखीचा नव्हता. लोकांना सांगितलेला तेवढा पाठ होता. घाट लागला तशी रेंज गेली आणि आबांचे फोन थांबले. आई हळूहळू सैल झाली. काच खाली केली. उलटी झाली नाही. मी कड्यांकडे बोट दाखवत होते, ती खाली दरीतल्या शेतांकडे बघत होती. "ह्यांचं भात आपल्या आदी निघालंय," म्हणाली. "पेंढा बघ कसा वाळून पांढरा झालाय." घाट उतरल्यावर चहाला थांबलो. तिने तिथल्या बाईला विचारलं, म्हस हाय का घरी, किती देती.

दिवेआगरला पोचायला दीड वाजला. शीटमध्ये साडेअकरा होतं. मी त्याबद्दल तीनदा बोलले, मग आई म्हणाली, "तुझं ते कागदाचं पुरं कर आता." जेवून, थोडं पडून आम्ही चारच्या पुढे किनाऱ्यावर गेलो.

सुरूची झाडं संपली. आईने चपला काढून हातात घेतल्या, साडी घोट्याच्या वर खोचली आणि चालत राहिली. पाण्यात दोन पावलं जाऊन थांबली. मी मागे होते. फोटो काढायला फोन वर केला आणि मग खाली घेतला. तिची पाठ बराच वेळ हलली नाही. लाट आली, गेली. पुन्हा आली, गेली. मग ती वळून म्हणाली, "होतोय आवाज. माघारी जाताना. बारीक होतोय, पर होतोय. ती पोरगी न्हाई म्हनलीवती."

ती वाळूत बसली. मी बसले, उठले, चालून आले, परत बसले. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "तू कालिजात वर स्टेजवर गेलीवतीस तवा लोकांनी टाळ्या वाजवल्यावत्या का?"

दहा वर्षांनी. मी म्हणाले, "वाजवल्या. आबांनी सगळ्यात उशिरापर्यंत वाजवल्या."

"वाटलंच मला," ती म्हणाली.

सव्वासहाला आबांचा फोन आला. आईने घेतला. तिला कानाला धरून नीट ऐकू येत नाही म्हणून मी स्पीकर लावून दिला.

"झाली धार," आबा म्हणाले. आवाजात विजय होता. "अडीच लिटर."

"मला चार देती," आई म्हणाली. मला तिचं तोंड दिसत होतं. चाळीस वर्षांत तिने केलेल्या कामाचं माप तिला पहिल्यांदा दुसऱ्या कुणाच्या तोंडून मिळालं होतं. तिने फोनवर हात ठेवला आणि मला विचारलं, "उद्या दुपारी निघायचं ना?"

"बाराला."

"आजून एक दिस ऱ्हाता यील का?"

माझं डोकं लगेच पळायला लागलं. खोली मोकळी आहे का, रविवारी घाटात परतीची गर्दी, सोमवारी ऑफिस. तोंडातून मात्र निघालं, "आबांना विचारावं लागेल." सवयीने निघालं. एकतीस वर्षांच्या.

आईने हात काढला आणि फोन तोंडाजवळ नेला. "आवो. मी परवा येती. संध्याकाळच्या धारंला. तवर तुमी बघा."

लाटेचा आवाज त्यांनाही ऐकू जात असावा. मग पलीकडे किणकिण झाली. चाव्यांचा जुडगा अजून मनगटालाच होता.

"बरं," आबा म्हणाले. मग म्हणाले, "पर हिरवी म्या धुऊन टाकलीया. वास गेला आसंल तिचा. सकाळी कुटली घीऊ?"

"पत्र्याच्या पेटीवर निळी हाय बघा, न धुतल्याली," आई म्हणाली. "ती घ्या. निळी वळखती ती."